नवी बाटली आणलीय? स्कॉच निवडण्यापासून मित्रांत वाटेपर्यंतची सगळी पद्धत

आपल्या व्हिस्कीवाल्या मित्रमंडळीत नवी बाटली आली की पहिला फोटो गाडीच्या सीटवरचाच असतो, घरी पोचायलाही धीर नसतो, आणि त्यात काहीच गैर नाही, तो आनंद खरा असतो. पण फोटोखाली "मस्त रे", "कितीला पडली", "कुठून घेतलीस" एवढं होतं आणि विषय तिथेच थांबतो, बाटली कपाटात जाते आणि बऱ्याचदा सील न तुटता तिथेच राहते. माझं मत सरळ आहे, बाटली उघडायला घ्यायची, चार माणसांत चाखायची, आणि तिच्याबद्दल असं सांगायचं की ऐकणाऱ्याला स्वतःचे पैसे कुठे घालायचे ते कळलं पाहिजे. म्हणून दुकानात जायच्या आधीपासून ते तळ लागेपर्यंत काय काय बघायचं ते क्रमाने लिहितोय. महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परमिट लागतं, तेव्हा हे सगळं त्यापुढच्या लोकांसाठीच.

पायरी १: घ्यायच्या आधी स्वतःला विचारा, ही कशासाठी?

रोज-आठवड्याची साधी बाटली, काहीतरी नवीन शिकायला म्हणून घेतलेली बाटली, आणि खास प्रसंगाची बाटली, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचं बजेट वेगळं असतं. नुकतीच सुरुवात करणारे एक चूक फार करतात, एक चव आवडली की त्याच जातीच्या पाठोपाठ तीन बाटल्या घेतात. त्यापेक्षा पहिल्या तीन बाटल्या एकमेकींपासून जितक्या लांब असतील तितक्या घ्या. एक बर्बन कास्कमधली, म्हणजे अमेरिकन बर्बन व्हिस्कीच्या जुन्या पिंपात मुरलेली, धूर नसलेली, उदाहरणार्थ ग्लेनमोरांजी ओरिजिनल. एक शेरी कास्कवाली, म्हणजे शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपातली, ग्लेनड्रोनाक १२ त्यासाठी छान आहे. आणि एक धुराची, टॅलिस्कर १० किंवा हिंमत असेल तर थेट लॅफ्रॉइग १०. या तीन शेजारी ठेवून दोन-दोन घोट घेतले की तुम्हाला नक्की काय आवडतं ते एका संध्याकाळी कळतं, आणि पुढचे कित्येक हजार रुपये योग्य दिशेने जातात.

पायरी २: लेबल वाचायला शिका, इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. डबा कितीही भारी असू दे, माहिती लेबलवरच असते.

पहिल्यांदा प्रकार बघा. ब्रिटनच्या २००९ च्या नियमांनी स्कॉचचे पाचच प्रकार ठरवलेत: सिंगल माल्ट, सिंगल ग्रेन, ब्लेंडेड माल्ट, ब्लेंडेड ग्रेन आणि ब्लेंडेड स्कॉच. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीची, फक्त माल्टेड, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीची, पॉट स्टिल नावाच्या मोठ्या भांड्यात उकळून काढलेली. एकाच पिंपाची असा त्याचा अर्थ नाही, शेकडो पिंपं एकत्र केलेली असू शकतात, एका पिंपाची असेल तर लेबलवर सिंगल कास्क असं वेगळं लिहिलेलं असतं. ब्लेंडेड माल्ट म्हणजे वेगवेगळ्या डिस्टिलरींचे माल्ट एकत्र, ग्रेन व्हिस्की, म्हणजे गहू-मक्यासारखी इतर धान्यंही वापरलेली, अजिबात नाही, मंकी शोल्डर किंवा जॉनी वॉकर ग्रीन लेबल १५ या त्यातल्या. ग्रीन लेबल बघून "ब्लेंडेड आहे रे" म्हणून नाक मुरडणारे भेटतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्या किमतीत इतकी नीट बांधलेली बाटली सहज मिळत नाही.

मग वय. स्कॉच म्हणवून घ्यायला किमान ३ वर्षं ओकच्या पिंपात, तेही ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या आणि स्कॉटलंडमध्येच, हे सक्तीचं आहे. लेबलवरचा १२ किंवा १८ हा आकडा आतल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं वय असतो, म्हणजे १२ च्या बाटलीत २० वर्षांची असू शकते पण ११ ची एक थेंबही नाही. आकडाच नसेल तर त्याला नास (NAS, नो एज स्टेटमेंट) म्हणतात, म्हणजे वय न सांगितलेली. नास म्हणजे वाईट असं अजिबात नाही, आर्डबेग उगेडल आणि अ‍ॅबरलाउर अबूना दोन्हीवर वय नाही आणि दोन्ही दणदणीत आहेत. फक्त एक लक्षात ठेवा, वयही नाही, कास्कचा प्रकारही नाही, अल्कोहोलची स्ट्रेंग्थही ४० टक्के, आणि वर नुसतं मोठं गूढ नाव, असं असेल तर पैसे कशाचे देतोय ते दोनदा विचारा. आणि बाटलीत गेल्यावर व्हिस्कीचं वय वाढत नाही, आजोबांनी जपलेली १२ ची बाटली आजही १२ चीच आहे.

तिसरा आकडा अल्कोहोलचा. कायद्याने किमान ४०. ४३ ला जरा अंग येतं. आणि ४६ ला खरी गंमत सुरू होते, कारण त्याच्या खाली व्हिस्की गार झाली किंवा पाणी पडलं की गढूळ दिसू शकते, गिऱ्हाइकाला ते दिसू नये म्हणून कंपन्या तिला थंड करून गाळतात, त्याला चिल फिल्ट्रेशन म्हणतात, आणि त्या गाळणीत तेलकटपणा देणारे काही घटक पण निघून जातात. म्हणून लेबलवर नॉन चिल फिल्टर्ड आणि ४६ किंवा वर असं एकत्र दिसलं की मी ती बाटली हातातून लवकर सोडत नाही. आर्डबेग १० (४६), बुनाहॅवन १२ (४६.३), ब्रुकलाडीची क्लासिक लाडी (५०) या त्यातल्या. कास्क स्ट्रेंग्थ म्हणजे पिंपातून निघाली तशी, बाटलीत भरताना पाणी न घालता, साधारण ५० ते ६० च्या घरात.

आपल्याकडच्या बाटल्यांवर ४२.८ हा विचित्र आकडा बऱ्याचदा दिसतो, बरेच जण विचारतात हे काय. जुन्या ब्रिटिश मोजणीत १०० प्रूफ म्हणजे ५७.१ टक्के, त्याचे ७५ टक्के केले की ४२.८ येतात, तोच हिशोब आपल्याकडे अजून चालू आहे. सिग्नेटरी या इंडिपेंडंट बॉटलरने (दुसऱ्यांची व्हिस्की स्वतःच्या नावाने भरणारी कंपनी) अलीकडे १०० प्रूफ नावाची मालिका काढलीय, ती बरोबर ५७.१ ला भरतात, परदेशात कुठे दिसली तर जरूर घ्या, पैशाच्या मानाने फार चांगली असते.

रंगावर जाऊ नका. स्कॉचमध्ये पाणी आणि साधं कॅरॅमल एवढ्याच दोन गोष्टी घालायला परवानगी आहे, आणि ते कॅरॅमल रंगासाठीच असतं. गडद दिसली म्हणजे जुनी किंवा शेरीची असं काही नसतं. नॅचरल कलर लिहिलं असेल तर प्रश्न मिटला, नसेल लिहिलं तर एक युक्ती, त्याच बाटलीचं जर्मनीतलं लेबल शोधा, तिथे रंग घातला असेल तर "मिट फार्बश्टॉफ" असं छापावंच लागतं.

कास्कचं वाक्य नीट वाचा. बर्बन बनवायला अमेरिकेत नवीन जाळलेला ओक लागतो, एकदा वापरलेलं बॅरल त्यांना परत बर्बनला चालत नाही, म्हणून ती साधारण २०० लिटरची बॅरल्स स्वस्तात स्कॉटलंडला येतात आणि तिथून व्हॅनिला, खोबऱ्याची चव येते. शेरीचं पिंप, म्हणजे बट, ५०० लिटरच्या आसपास असतं, त्यातून मनुका, खजूर, मसाला. फर्स्ट फिल म्हणजे स्कॉच त्या पिंपात पहिल्यांदाच गेली, रिफिल म्हणजे त्या पिंपात आधी एकदा तरी दुसरी स्कॉच मुरून गेलीय, मग लाकडाचा जोर कमी आणि डिस्टिलरीची मूळ चव जास्त. मॅच्युअर्ड इन शेरी आणि शेरी फिनिश या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, फिनिश म्हणजे आयुष्य दुसऱ्या पिंपात काढलं आणि शेवटचे काही महिने किंवा वर्षं शेरीत. दुकानदार दोन्हीला "शेरीवाली" म्हणेल, तुम्ही वाक्य वाचा.

शेवटी प्रदेश. हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन, आयला, हे पाच कायद्यात आहेत, आणि बेटं म्हणून जो सहावा प्रदेश सगळे सांगतात तो कायद्यात नाहीच, स्कायची टॅलिस्कर आणि ऑर्कनीची हायलँड पार्क दोन्ही हायलँडमध्येच मोडतात. प्रदेशावरून चव ओळखायची सवय लावून घेऊ नका. बुनाहॅवन १२ आयलाची आहे आणि धूर जवळपास नाही, उलट आर्डमोर हायलँडची आणि धूरवाली. धूर प्रदेशामुळे येत नाही, बार्ली वाळवताना खाली पीट (दलदलीतली जळाऊ माती) जाळलं की येतो. आणि ते पीपीएमचे, म्हणजे धुराच्या घटकांचं प्रमाण सांगणारे आकडे, आर्डबेग साधारण ५५, लागावुलिन ३५ च्या आसपास, ते वाळवलेल्या माल्टमधले असतात, बाटलीतल्या द्रवाचे नाहीत, डिस्टिलेशन आणि पिंपातल्या वर्षांत बरंच कमी होतं. लागावुलिन १६ वर्षं पिंपात मुरते म्हणून तो धूर इतका गोल लागतो.

पायरी ३: कुठून घ्यायची

आपल्याकडे आयात स्कॉच महाग का तर केंद्राची कस्टम ड्युटी, २०२५ मध्ये ती १५० टक्के होती, आणि त्यावर राज्याची एक्साइज. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये आयात स्कॉचवरची एक्साइज ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली तेव्हा मुंबई-पुण्याच्या दुकानांत भाव खरंच खाली आले. जुलै २०२५ मध्ये भारत-ब्रिटन करारावर सह्या झाल्या, त्यात कस्टम ड्युटी आधी ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. पण राज्याचा कर वेगळा राहतो, त्यामुळे बाटली थेट अर्ध्या किमतीत मिळेल असं मनात धरून खरेदी लांबवत बसू नका.

एक फरक माहीत हवा. ब्लॅक अँड व्हाइट, वॅट ६९, टीचर्स, १०० पायपर्स यांसारखं ब्लेंडेड स्कॉच मोठ्या टाक्यांतून इथे येतं आणि इथे बाटलीत भरलं जातं, म्हणून ते स्वस्त पडतं. सिंगल माल्टचं तसं होत नाही, ती स्कॉटलंडमध्येच बाटलीत भरायची असा नियम २०१२ पासून आहे. त्यामुळे कोणी "इथे भरलेली स्कॉच सिंगल माल्ट" स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून निघा.

ड्युटी फ्रीबद्दल. भारतात येताना प्रत्येक मोठ्या माणसाला २ लिटरची सूट आहे, म्हणजे लिटरच्या दोन. येतानाच्या विमानतळावर, अगदी मुंबईत उतरल्यावर पण दुकान असतं, तिथे घेतली तर प्रवासभर ओझं नाही. भाव बघताना मिलिलिटरचा हिशोब करा, युरोपात बाटली ७०० ची, आपल्याकडे ७५०, ड्युटी फ्रीत बऱ्याचदा १ लिटरची, नुसती किंमत बघितली की फसगत होते. आणि "ट्रॅव्हल एक्सक्लुझिव्ह" लिहिलेल्या बाटल्यांना वर सांगितलेली लेबलची परीक्षा जरा जास्तच कडक लावा, त्यांत बिनवयाच्या ४० टक्केवाल्या बऱ्याच असतात, डबा मात्र झकास. मुंबईहून पुढे नागपूर, संभाजीनगरचं विमान असेल तर बाटल्या कस्टममधून बाहेर पडल्यावर कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेवरून सिक्युरिटीशी वाद नको. चेक-इनमध्ये ७० टक्क्यांपर्यंतची चालते आणि ५ लिटरपर्यंत, त्यामुळे कास्क स्ट्रेंग्थला अडचण नाही.

गोव्याचा मोह सगळ्यांनाच होतो, भाव बघून हात शिवशिवतात. पण तिथल्या बाटलीवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो, आणि गोव्याच्या सीमेजवळच्या इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासली तर बाटली जाते आणि गुन्हाही दाखल होतो. गोव्यातली गोव्यातच, मित्रांबरोबर, शांतपणे संपवा.

लंडन, दुबई, न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांना जे सहज मिळतं ते इथे सहजासहजी मिळत नाही, म्हणजे इंडिपेंडंट बॉटलर्स. गॉर्डन अँड मॅकफेल (१८९५, एल्गिन), केडनहेड (१८४२), सिग्नेटरी (१९८८) ही मंडळी डिस्टिलरीकडून घेतलेली पिंपं स्वतःच्या नावाने भरतात, लेबलवर डिस्टिल कधी केली, भरली कधी, पिंपाचा नंबर, किती बाटल्या निघाल्या सगळं असतं. कोणी येणार असेल आणि "काय आणू" विचारलं तर नेहमीची ब्लॅक लेबल सांगू नका, ती इथे मिळते, एखादी अशी सांगा.

आणि फक्त स्कॉचच का. आपल्या उन्हात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कितीतरी पट उडून जातं, तिकडे साधारण २ टक्के, बंगळुरात १० ते १२ टक्के धरतात, म्हणून आपल्याकडची व्हिस्की लवकर मुरते आणि १८-१८ वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणार नाही. त्यामुळे बंगळुरच्या अमृतवर मोठा आकडा नाही म्हणून कमी लेखू नका. अमृतने आपली सिंगल माल्ट पहिल्यांदा विकली २००४ मध्ये, तीही ग्लासगोत, म्हणजे थेट स्कॉच पिणाऱ्यांच्या गावात, ही मला आजही अभिमानाची गोष्ट वाटते. अमृत फ्यूजन (५० टक्के) घरात असलीच पाहिजे. पॉल जॉन गोव्यात कुंकळ्ळीची, कणसात दाण्यांच्या सहा ओळी असलेल्या भारतीय बार्लीची, ब्रिलियन्स आणि धुराची बोल्ड दोन्ही ४६ ला. हरियाणाची इंद्री त्रिनी ४६ ला. आणि नाशिकच्या दिंडोरीची लॉंजिट्यूड ७७ पण आता आहे, आपल्या मातीत बनतेय तर एकदा तरी चाखून बघा.

बर्बन घेताना बॉटल्ड इन बाँड असे शब्द शोधा, १८९७ च्या कायद्यातली खूण आहे ती, एका डिस्टिलरीची, एका हंगामाची, किमान ४ वर्षांची, ५० टक्के. आयरिशमध्ये रेडब्रेस्ट १२. जपानी घेताना सावध, बाहेरून आणलेली व्हिस्की मिसळून जपानी नावाने विकायचे, २०२१ मध्ये तिथल्या उत्पादक संघटनेने नियम केले पण ते सभासदांपुरते, म्हणून लेबलवर जपानमध्येच डिस्टिल केलीय का ते बघा.

पायरी ४: काउंटरवर दोन मिनिटं

बाटली हातात घ्या, उजेडात धरा. भरण्याची पातळी मानेत शेजारच्या बाटल्यांइतकीच हवी, कमी असेल तर कॉर्कमधून उडालीय किंवा गळलीय. सील अखंड, कडा न उचललेल्या. आयातदाराचं नाव, एमआरपी, राज्याचं नाव. काचेवर खालच्या बाजूला लेझरने छापलेला लॉट कोड असतो, तो खरवडलेला असेल तर बाटली परत ठेवा. खिडकीत उन्हात उभी असलेली शोकेसची बाटली घेऊ नका, आतून आणायला सांगा, चांगला दुकानदार कुरकुर करत नाही. बिल घ्या. ओळखीतून, घरपोच, अर्ध्या भावात, "मिलिटरी कोट्यातली" असं काही ऐकलं तर किंमत कितीही गोड असली तरी नाही म्हणा, खऱ्या बाटलीत भलतंच भरून विकायचा धंदा या महागड्या नावांवरच चालतो.

पायरी ५: ठेवायची कशी

उभी ठेवा. वाइनसारखी आडवी नाही, इतकं अल्कोहोल कॉर्कला लागून राहिलं की कॉर्क कुजतो. अंधारात, गॅसपासून आणि पश्चिमेच्या भिंतीपासून लांब. आपल्याकडे मे महिन्यात बंद फ्लॅट तापतो, तेव्हा कपाटातला खालचा कप्पा बरा, फ्रीज नको. डबा फेकू नका, तो उजेड अडवतो. जास्त दिवस न उघडणारी बाटली असेल तर झाकणाला पॅराफिल्म (ताणून घट्ट बसणारी मेणासारखी पट्टी) गुंडाळा, आणि प्लास्टिक टॉपचे एक-दोन जुने कॉर्क जपून ठेवा, कारण उघडताना कॉर्क तुटून निम्मा आत पडतो हे कधी ना कधी होणारच, तेव्हा व्हिस्की चहाच्या गाळणीतून नाही, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि जुना कॉर्क लावा.

पायरी ६: उघडल्यावर

पहिल्या दिवशीच निकाल देऊ नका. पहिला पेग बऱ्याचदा बंद-बंद, टोचरा लागतो, दोन-तीन आठवड्यांनी तीच बाटली मोकळी होते, कास्क स्ट्रेंग्थ आणि धुराच्या बाटल्यांत तर हे फार जाणवतं.

ग्लास ट्यूलिपच्या आकाराचा, ग्लेनकेर्न नावाचा मिळाला तर उत्तम. १५-२० मिलिलिटर ओता, नाइंटी भरून चव कळत नाही, जीभ बधिर होते. दहा मिनिटं तशीच ठेवा. नाक ग्लासात खुपसू नका, तोंड थोडं उघडं ठेवून कडेवरून वास घ्या. छोटा घोट, तोंडभर फिरवा, गिळल्यावर मागे काय राहतं ते बघा. चखणा नंतर, शेव-चिवडा आणि कांदा-लिंबू आधी आला की नाजूक बाटलीचं काही कळतच नाही. मध्ये साधं पाणी पीत रहा, आणि अर्थात गाडी घेऊन आला असाल तर चाखायचं दुसऱ्या दिवशी.

पाण्याचा हिशोब सांगतो कारण अंदाजपंचे पाणी घालून महागडी कास्क स्ट्रेंग्थ वाया घालवलेली बघवत नाही. ओतलेले मिलिलिटर गुणिले बाटलीची टक्केवारी, भागिले तुम्हाला हवी ती टक्केवारी, म्हणजे एकूण किती व्हायला हवं ते येतं. ३० मिली ६० टक्क्यांची ४६ वर आणायची तर १८०० भागिले ४६, म्हणजे ३९, म्हणजे ९ मिली पाणी. औषधाची सिरिंज वापरा, एकदम सगळं नको, थोडं घाला, चाखा, परत घाला.

पायरी ७: लिहायचं काय

आता तो फोटो. पुढचं लेबल, मागचं लेबल आणि लॉट किंवा बॅच कोड, तीन फोटो पुरेत. सोबत पूर्ण नाव, टक्केवारी, बाटलीचा आकार, बॅच, कुठे घेतली, कोणत्या महिन्यात, कितीला आणि कोणत्या चलनात, कर धरून की वगळून. बॅच, म्हणजे एका वेळी एकत्र भरलेला माल, फार महत्त्वाची आहे, अबूनाची प्रत्येक बॅच वेगळ्या स्ट्रेंग्थची आणि वेगळ्या मूडची असते, तुम्ही नुसतं "अबूना भारी" लिहिलंत आणि ऐकणाऱ्याने दुसरीच बॅच घेतली तर तुमचा शब्द त्याच्या कामाचा नाही. आणि ही का घेतली ते एका वाक्यात लिहा, मला दुसऱ्यांच्या खरेदीत सगळ्यात आवडतं ते हेच.

चवीचं लिहिताना स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवा. डब्यावर हेदर, ख्रिसमस केक, गूजबेरी छापलेलं असतं, आपल्यातल्या किती जणांनी हेदर हुंगलंय? लॅफ्रॉइगला हॉस्पिटलचा, डेटॉलच्या पोताऱ्याचा वास येतो, तसं लिहा, पीटच्या धुरातून क्रेसॉल नावाचे घटक येतात आणि काही जंतुनाशकांतही तेच असतात, म्हणजे तुमचं नाक बरोबरच सांगतंय. आयलाच्या किनाऱ्यावरच्या बाटल्यांत सुक्या बोंबलाचा, ओल्या दोरखंडाचा वास आला तर तेही लिहा. बर्बन कास्कमध्ये सुकं खोबरं आणि पिकलं केळं, खोबरं ओकच्या लॅक्टोनमधून येतं, केळं आंबवताना तयार झालेल्या एस्टरमधून. शेरीत काकवी, खजूर, काळ्या मनुका, जायफळ, कधी चिंचेचा कोळ. शेरीतच कधी पेटवलेल्या काडीचा किंवा रबराचा वास येतो, तो पिंपं जपायला जाळलेल्या गंधकाचा, काहींना आवडतो, काहींना अजिबात नाही, म्हणून स्पष्ट सांगा. "स्मूथ आहे" एवढ्यावर थांबू नका, त्यातून कोणाला काहीच मिळत नाही.

तीन वेळा नोंद करा, उघडल्यावर, महिन्याभराने, आणि तळ जवळ आल्यावर. आणि शेवटी एकच प्रश्न, याच भावात परत घेईन का? हो किंवा नाही. महागडी बाटली आवडली नाही तर तसंच लिहा, तुमच्या त्या एका ओळीने दुसऱ्याचे दहा हजार वाचतात.

पायरी ८: वाटणी

महागडी बाटली एकट्याने घेण्यापेक्षा चौघांनी मिळून घेतली तर एका बाटलीच्या खर्चात वर्षाला चार चाखता येतात. खर्च आधी ठरवा, बिलाची रक्कम भागिले मिलिलिटर, वर काही नाही. ओळखीतल्या, परमिट असलेल्या माणसांतच हे करा आणि नफा धरू नका, विना परवाना विक्री हा गुन्हाच आहे. कुरिअरने पाठवू नका, भेटून हातात द्या, त्या निमित्ताने बसणंही होतं.

छोट्या बाटल्या काचेच्या घ्या, ३० किंवा ५० मिलीच्या, झाकणाच्या आत शंकूसारखं बूच असलेल्या, प्लास्टिकला वास लागतो. गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. सिरिंज किंवा छोट्या नरसाळ्याने गळ्यापर्यंत भरा, वर हवा राहिली की चव उतरते. प्रत्येकीवर नाव, टक्केवारी, बॅच, मूळ बाटली कधी उघडली आणि ही कधी भरली ती तारीख चिकटवा, नाहीतर महिन्याभराने सगळ्या सोनेरी बाटल्या सारख्याच दिसतात. ७०० मधून ५० च्या आठ दिल्या तरी तुमच्याकडे ३०० राहते. ज्याची बाटली त्याने नाव झाकून एक-दोन नमुने द्या, न सांगता चाखायला लावलं की मोठमोठ्या नावांचा दबाव उतरतो, पॉल जॉन बोल्डला लोक आयलाची समजतात तेव्हा फार बरं वाटतं.

पायरी ९: तळाची व्हिस्की आणि रिकामी बाटली

बाटली एक तृतीयांशावर आली की आत हवा जास्त आणि माल कमी, मग काही महिन्यांत ती सपाट होते. दोन मार्ग, लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, किंवा मित्रांना बोलवा. मी दुसराच करतो. अगदीच नाजूक जुनी बाटली असेल तर एका पावसाळ्यात संपवाच, धुराच्या बाटल्या थोडं जास्त तग धरतात पण धूर पण उतरतोच.

रिकामी बाटली भंगारवाल्याला तशीच देऊ नका. वर म्हटलं तसं भरून विकणारे या बाटल्या आणि डबे शोधतच असतात, विशेषतः लागावुलिन, ब्लू लेबल, मॅकॅलनसारख्या. लेबल पाण्यात भिजवून काढा आणि आवडत असेल तर वहीत चिकटवा, खाली बॅच कोड आणि तुमचं हो किंवा नाही लिहा, काचेवरचा लेझर कोड खडबडीत पॉलिश पेपरने घासा, कॉर्क काढून ठेवा, डबा फाडा, आणि मग काच द्या.